नमुन्याबरहुकूम

शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, हा प्रश्न मुंबईच्या बंदरात एक संध्याकाळ काढलेला माणूस विचारत नाही. मोठ्या उधाणाला तिथे पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं-उतरतं. ओहोटीची ओढ बाहेर धावत असते, आजूबाजूला मांडव्याच्या लाँचा आणि मोठी जहाजं, आणि नेमका त्याच वेळी वारा पडतो. तेव्हा शिडं गुंडाळून खालचं छोटं डिझेल इंजिन सुरू करावंच लागतं.

इंजिन आलं की धूर आला. ट्रकचा सायलेन्सर उघड्यावर असतो, तापला तरी वारा लागतो. यॉटमध्ये तोच धूर माणसं जिथे झोपतात त्या केबिनच्या खालून, फायबर आणि लाकडाच्या मधून, थेट मागच्या टोकाला न्यावा लागतो. इंजिनमधून निघताना तो चारशे-पाचशे अंशांवर असू शकतो, आणि पुढचा पाइप रबराचा. म्हणून इंजिन थंड करून आलेलं समुद्राचं पाणी वाटेतच त्या धुरात सोडतात. पाणी जिथे सोडतात तो वाकडा तुकडा म्हणजे मिक्सिंग एल्बो. एका बाजूने आग, दुसऱ्या बाजूने खारं पाणी, मधे काही मिलिमीटर धातू. यॉटवर यापेक्षा वाईट नोकरी दुसऱ्या कुठल्या भागाला नसेल.

असाच एक एल्बो, पस्तिशी ओलांडलेल्या यॉटचा, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आला होता. शेड भाच्याची. केमिकल कंपन्यांच्या टाक्या, पाइपलाइनी, फ्लँज हा त्याचा धंदा. एल्बो आणणारे मामा नौदलाच्या गोदीत इंजिनं उघडण्यात आयुष्य घालवून आता बदलापूरला स्थिरावलेले. यॉट मामांच्या ओळखीच्या गृहस्थांची. दोघांचं बोलणं जमेल तसं लिहून काढलं आहे. नावं नकोत ही दोघांचीही अट.

भाचा : मामा, ही वस्तू तुम्ही बदलापूरहून पिशवीतून आणलीत. मी तुम्हाला चार दिवसांत नवी करून देतो, जशीच्या तशी. ३१६ एल स्टेनलेस पाइप, आर्गन वेल्डिंग, फ्लँज लेथवर फेस करून. कंपनीचा एल्बो परदेशातून मागवायचा म्हणजे इंजिन जुनं, स्टॉक नाही, कस्टम ड्युटी वेगळी. तोवर सीझन संपेल.

मामा : मी तुझ्याकडे करायला आणलेलाच नाही. कापायला आणलाय. आतून बघायचाय मला.

भाचा : म्हणजे?

मामा : मालक म्हणतात इंजिन तापतं, दम लागतो, मागून काळा धूर येतो. तीन मेकॅनिक झाले. एकाने पंपाचा इम्पेलर बदलला, एकाने थर्मोस्टॅट, तिसऱ्याने इंजेक्टर काढून धुतले. या बिचाऱ्याकडे कोणी बघितलं नाही, कारण बाहेरून रंग मारलेला आहे. लाव कटर.

कटरने एल्बो उभा चिरला. हे दृश्य बघण्यासारखं होतं. जिथे अंगठ्याएवढी जाडी असल्यासारखं वाटत होतं, तिथे एकात एक अशा दोन नळ्या निघाल्या. आतल्या नळीतून धूर, दोहोंच्या मधल्या पोकळीतून पाणी, आणि टोकाला दोघांची गाठ. धुराच्या वाटेत काजळी आणि मीठ यांचा दगडासारखा थर बसला होता. मोकळी वाट उरली होती ती करंगळी जाईल एवढी. पाण्याच्या पोकळीत गंजाच्या पापुद्र्यांचा चिखल. आतल्या नळीला, पाणी सोडायच्या तोंडापासून दोन बोटांवर, एक आरपार भोक. भोकाच्या कडा कागदासारख्या पातळ.

मामा : हे भोक बघ. बाहेर एक थेंब गळत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. इंजिन बंद झालं की पोकळीतलं पाणी या भोकातून मागे, एग्झॉस्ट व्हॉल्व्हवर. गंज चढला की व्हॉल्व्ह अडकतो. आणखी एखादा सीझन, आणि एल्बोच्या जागी इंजिनचा खर्च.

भाचा : मग तर माझंच म्हणणं खरं. हा कंपनीचाच होता ना? बिडाचा. बिडाला खारं पाणी पाजलं तर दुसरं काय होणार? डिझेलमधलं गंधक पाण्यात मिसळून आम्ल होतं, ते आणखी खातं. माझा स्टेनलेसचा असेल. कंपनीपेक्षा सरस.

मामा : डिझेलचं आता तेवढं राहिलं नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं, गंधक दशलक्षात दहा भाग. पूर्वीच्या डिझेलने मात्र या बोटीची बरीच वर्षं खाल्लीत. पण तू स्टेनलेस म्हणतोस ते कुठलं? दाखव.

भाचा : हे बघा, चुंबक लावा. चिकटत नाही.

मामा : चुंबक ३०४ लाही चिकटत नाही आणि ३१६ लाही नाही. फरक मॉलिब्डेनमचा, दोन ते तीन टक्के. खाऱ्या पाण्यात तोच तग धरतो. ३०४ ला समुद्राचं पाणी टाचणीएवढी भोकं पाडतं. वर चकचकीत, आत पोखरलेलं. तुझ्याकडे मिलचं सर्टिफिकेट आहे का? पाइपावर हीट नंबर आहे?

भाचा : आहे. केमिकल कंपन्यांचे इन्स्पेक्टर त्याशिवाय माल आत घेत नाहीत. शंका असली तर मॉलीचं औषध टाकतो, रंग बदलला तर ३१६. मामा, हे अंबरनाथ आहे. माझे उस्ताद इथल्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीतून निवृत्त झालेले. लष्कराच्या कामात ज्यांचा हात बसला, त्यांनी मला टॉर्च धरायला शिकवलं.

इथे मामा पहिल्यांदा गप्प झाले. पाइप उचलून त्यावरचा नंबर चष्मा कपाळावर सरकवून वाचला. माझ्या मते इथवर भाच्याचं पारडं जड होतं. एमआयडीसीतल्या छोट्या शेडमध्ये काय दर्जाचं काम होतं हे मुंबईतल्या बोटमालकांना बहुधा ठाऊकच नसतं. सुटा भाग म्हटला की त्यांची नजर एकतर परदेशी कॅटलॉगवर जाते, नाहीतर दारूखान्याच्या भंगारबाजारावर.

मामा : बरं. धातू मान्य. वेल्डिंगही मान्य, आतल्या बाजूने गॅस सोडून करत असशील तर. नाहीतर आतला टाका काळा पडतो आणि सडायला तिथूनच सुरुवात. पण ३१६ अमृत पिऊन आलेलं नाही. गरम खारं पाणी, त्यात साचलेलं, हवा नाही. अशा जागी तेही जातं. हा अमर आहे असं मालकाला सांगू नकोस.

भाचा : अमर कोण म्हणतंय? दोन-तीन वर्षांनी खोलून बघायचा. तेवढ्यासाठी मी फ्लँजला सुटा जोड देतो, चार बोल्ट काढले की आत बोट घालून बघता येईल. कंपनीच्या ओतीव तुकड्यात ती सोय आहे?

मामा : नाही. हे तुझं चांगलंय.

भाचा : मग ठरलं. हे दोन तुकडे द्या इथेच, मी मापं घेतो. नमुन्याबरहुकूम करून देतो.

मामा : तिथेच माझा विरोध आहे.

भाचा : आता कशाला?

मामा : नमुना मेलेला आहे. बाहेरून गंजाने फुगलाय, आतून खाल्लाय. तू मापं कुठली घेणार, फुगल्याची की खाल्ल्याची? आणि खालच्या बाजूला बघ, कंपनीचा ओतीव भाग इथे संपतो. पुढचा गुडघा कोणीतरी नंतर जोडलाय, वेगळा धातू, वेगळा टाका. तो का जोडला, किती कापून जोडला, तुला माहीत आहे?

भाचा : त्याचं काय? बसत होता ना बोटीत?

मामा : बसत होता! बसणं आणि चालणं एक असतं तर मी निवृत्त कशाला झालो असतो?

भाचा : मामा, नमुन्यावरून करणं ही इथली विद्या आहे, तिला नावं ठेवू नका. पलीकडचं उल्हासनगर बघा. फाळणीनंतर सिंधी माणसं आली ती कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत. १९४९ च्या ऑगस्टमध्ये गावाचं नाव उल्हासनगर झालं. हातात काय होतं त्यांच्या? वस्तू समोर ठेवायची, उघडायची, तशीच करून विकायची. लोक हसले, ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन म्हणाले. पण त्यावर शहर उभं राहिलं. आणि नौदलाची शिडाची बोट म्हादेई घ्या. डिझाइन डच, बांधली कुठे? गोव्यात, दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात. नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये तीच बोट घेऊन एकटे जगाला फेरी मारून आले. परदेशी आकार, आपले हात. मग माझ्या एल्बोलाच नाकं का मुरडता?

मामा : दांडेकरांच्या हातात नकाशा होता. तुझ्या हातात नमुना आहे.

भाच्याने हातातलं व्हर्नियर खाली ठेवलं. उल्हासनगरची बाजू त्याने मांडली ती खोटी नव्हती, आणि मामांनी ती खोडूनही काढली नाही. नकाशात पाणी किती उंचीवर असेल, धूर कुठून चढेल, कुठे उतरेल हे ठरवलेलं असतं. नमुन्यात फक्त आकार उरतो, तोही शेवटच्या दुरुस्तीचा.

भाचा : उंचीचा एवढा काय बाऊ? पाइपच आहे.

मामा : ऐक. या इंजिनाचा बराचसा भाग समुद्राच्या पातळीखाली बसतो. एल्बोमध्ये जिथे पाणी सोडतोस ती जागा पाणरेषेच्या खाली असली, किंवा वर असूनही अर्ध्या फुटाच्या आत असली, तर इंजिन बंद झाल्यावर समुद्र आपोआप आत ओढला जातो. सायफन. बंद पंपातूनही पाणी झिरपत राहतं. एल्बो भरतो, मग सिलिंडर भरतो. सकाळी मालक चावी फिरवतात, पिस्टन पाण्यावर आपटतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. ते टाळायला पाण्याचा पाइप आधी वर, पाणरेषेच्या चांगला वर न्यायचा, शेंड्याला हवा घेणारा व्हॉल्व्ह बसवायचा आणि मग खाली आणायचा. या बोटीत तो व्हॉल्व्ह आहे का, हे मालकांना माहीत नाही.

भाचा : आणि एल्बोच्या पुढे?

मामा : पुढे रबरी होज उतरत उतरत वॉटरलॉकमध्ये. वॉटरलॉक म्हणजे एक डबा. इंजिन चालू असताना धूर त्यातलं पाणी ढकलत बाहेर नेतो. बंद केलं की वरच्या होजमधलं सगळं पाणी परत या डब्यात उतरतं.

भाचा : बेसिनखालच्या ट्रॅपसारखं.

मामा : तसंच, फक्त ट्रॅप तुंबला तर स्वयंपाकघर ओलं होतं, हा लहान पडला तर पाणी उलटं इंजिनात. त्या अज्ञात वेल्डरने गुडघा कापून एल्बो आखूड केला असेल, तर डबा आणि एल्बो यांच्यातला उतार कमी झाला. तू नमुन्याबरहुकूम केलास तर त्याची चूक चकचकीत स्टेनलेसमध्ये पक्की करशील.

भाचा : आणि तुम्ही कंपनीचा मागवलात तर?

हा प्रश्न मामांना अपेक्षित नव्हता. मला वाटतं सगळ्या संभाषणातला हा सगळ्यात चांगला प्रश्न. कंपनीचा नवा एल्बो कॅटलॉगच्या मापाचा येणार, आणि तो त्याच बोटीत, त्याच उंचीवर, त्याच डब्यासमोर बसणार. अस्सल भाग चुकीच्या मांडणीला दुरुस्त करत नाही.

मामा : तोही बसवण्याआधी मोजावंच लागेल. हे कबूल.

भाचा : मग भांडण कंपनी आणि अंबरनाथमधलं नाहीच. तुम्ही उगाच माझ्या धंद्यावर आलात.

मामा : तुझ्या क्लिपांवर तर येणारच आहे. दाखव, होजसाठी काय आणल्यास?

भाचा : उल्हासनगरहून. स्टेनलेस आहेत, डबल लावणार.

मामा : आता लाव तुझं चुंबक. पट्टीला नाही, स्क्रूला.

चुंबक स्क्रूला टपकन चिकटलं. पट्टी स्टेनलेसची, स्क्रू साध्या लोखंडाचा, वर मुलामा. क्लिप करणाऱ्याचा दोष नाही; त्याने ती गाडीच्या रेडिएटरसाठी केली होती आणि तिथे ती वर्षानुवर्षं टिकते. बोटीच्या तळाशी, जिथे खारट दमटपणा कधी हटत नाही, तिथे स्क्रू सडून पट्टी सुटते, होज निसटतो. मग इंजिन आपल्याच पंपाने बोटीत पाणी भरू लागतं, आणि धूर केबिनमध्ये.

मामा : धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. माणूस दमून झोपलाय असं वाटतं. म्हणून मी म्हणतो एल्बो, होज, क्लिपा, डबा, वरचा व्हॉल्व्ह, सगळं एकदम बदला.

भाचा : सगळं! आता मालकाला कोण घाबरवतंय, मी की तुम्ही? प्लास्टिकचा डबा चांगला असेल तर तो का फेकायचा? होज वाकवून बघा, आतला थर सुटला असेल, भेगा असतील तर बदला. नसेल तर राहू द्या. जुन्या बोटीवर एकदम सगळं नवं लावलं आणि दुसऱ्या दिवशी काही गळलं, तर शोधणार कुठे? एक जोड उघडायचा, तपासायचा, बंद करायचा, पुढचा.

मामा : पस्तीस वर्षांच्या बोटीतला होज वाकवून बघतोस? तो माझ्या हातात तुटेल.

भाचा : मग तुटलेला बदला. मी न तुटलेल्याचं बोलतोय.

यावर त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. मामांना आठवत होत्या त्या बोटी, जिथे एका जुन्या जोडाने रात्र खराब केली. भाच्याला आठवत होते ते प्लँट, जिथे शटडाउनमध्ये सगळ्या लाइनी बदलल्या आणि सुरू करताना नव्याच लाइनी गळल्या. होजच्या बाबतीत मी मामांच्या बाजूचा आहे, डब्याच्या बाबतीत भाच्याच्या. मोनॉक्साइडचा अलार्म केबिनमध्ये लावायचा, एवढं मात्र दोघांनीही एका दमात मान्य केलं.

मधेच एक वेगळीच ठिणगी पडली. वेल्डिंगनंतर स्टेनलेसवर येणारा निळा-काळा डाग काढायला पिकलिंग करावं लागतं, नाहीतर गंज तिथूनच धरतो. पिकलिंगमध्ये नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल.

मामा : आणि धुतलेलं पाणी कुठे सोडतोस?

भाचा : चुना टाकून निवळतो, मग सामायिक सांडपाणी प्रकल्पात.

मामा : नक्की? वालधुनी इथूनच जाते. २०१४ मध्ये कोणीतरी टँकरने रसायन ओतलं आणि उल्हासनगरात शेकडो लोक दवाखान्यात पोचले. वालधुनीचं पाणी पुढे उल्हासच्या खाडीत, म्हणजे समुद्रातच. कुणाची तरी बोट तरंगावी म्हणून इथली नदी मारू नकोस.

भाचा : मामा, तुमच्या नौदलापेक्षा प्रदूषण मंडळाची मला जास्त भीती आहे. पावत्या दाखवू?

मामांनी पावत्या खरोखर मागितल्या, आणि बघितल्या.

भाचा : एक खरं सांगा. नौदलाचे अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून एकटे जगाच्या फेरीला निघाले, कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ ला परत आले. शिडांवर. तुमचे मालक तर अलिबागपर्यंत जातात. एवढा खर्च सांगण्यापेक्षा शिडांवरच जा म्हणा.

मामा : मालक सत्तरीचे आहेत. ओहोटीत वारा पडला की मागे मोठं जहाज, पुढे खडक. टॉमींना दक्षिण समुद्रात जागा होती, इथे जागा नाही. आणि इंजिन हट्टी झालं की माणूस काय करतो? स्टार्टर मारत राहतो. दर वेळी पंप पाणी ढकलतो, धूर नसल्यामुळे ते डब्यातून पुढे जात नाही, उलटं चढतं. म्हणून जास्त स्टार्टर मारायची वेळ आली की समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक आधी बंद करायचा आणि इंजिन लागल्याबरोबर उघडायचा. विसरला तर इम्पेलर कोरडा फिरून जळतो. मी हे मालकांना कागदावर लिहून दिलंय, इंजिनच्या झाकणावर चिकटवायला.

भाचा : मग त्याच कागदावर मला एक नकाशा काढून द्या. पाणरेषेपासून एल्बोची उंची, डब्याची उंची, मागचा होज बाहेर पडण्याआधी किती वर चढतो, सगळं. खाली सही करा. मी नमुन्यावरून नाही करत, तुमच्या नकाशावरून करतो.

मामा : सही? मी बोट किनाऱ्याला लागलेली पाहिली आहे, आत झोपून मोजलेली नाही.

भाचा : बघा! मघापासून मला ऐकवताय.

मामा : मला आता त्या इंजिनमागे शिरता येत नाही रे. गुडघे. तू ये.

भाच्याने हे काम आजवर केलं नव्हतं. त्याच्या शेडमधून गेलेले पाइप कुठल्या प्लँटमध्ये बसले हे त्याला सांगता येत होतं, पण बोटीत तो कधी चढला नव्हता. मापं येत, माल जाई. तरी त्याने लगेच नाही म्हटलं नाही. विचारलं की तिथे उभं राहता येतं का. मामा म्हणाले, आडवं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात पारदर्शक नळी, तिच्यात रंगीत पाणी. तेवढ्याने पातळी मिळते.

भाचा : रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक आहे.

मामा : मग शनिवारी. बदलापूरहून पहिली फास्ट मी पकडतो, तू अंबरनाथला मधल्या डब्यात चढ. आणि मालकांना आजच फोन कर. डिझेलची आणि पाण्याची, दोन्ही टाक्या भरून ठेवा म्हणावं. रिकामी बोट वर तरंगते, मग आपल्याला एल्बो आहे त्यापेक्षा उंच दिसेल.

भाचा : सांगतो. आणि मोजायला जाण्याचे पैसे बिलात वेगळ्या ओळीत लिहीन, मामा. एल्बोत मिसळले तर मालक म्हणतील, अंबरनाथपेक्षा कंपनीचाच स्वस्त पडला असता.